पालथे जहाज आणि पाठमोरी माणसे

वुल्फगँग पीटरसन यांचा ‘पोसायडन’ मे २००६ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा मी तो मोठ्या पडद्यावर पाहिला होता. घरी परतल्यावर त्यातली लाट डोळ्यांपुढून हलत नव्हती, पण माणसांपैकी एकाचेही नाव आठवत नव्हते. इतक्या वर्षांनी तो पुन्हा पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी रात्री रोनाल्ड नीम यांनी दिग्दर्शित केलेला १९७२ चा ‘द पोसायडन ॲडव्हेंचर’ पाहिला. दोन्हींचे मूळ पॉल गॅलिको यांच्या १९६९ च्या कादंबरीत आहे. एकच कथाबीज ३४ वर्षांच्या अंतराने दोनदा पेरले गेले, आणि दुसऱ्या वेळी खतपाणी कितीतरी पटींनी अधिक घालूनही पीक उणे आले. ते का, हे नीट तपासावे असे वाटले म्हणून हे परीक्षण. दोन्ही चित्रपटांत कोण वाचते आणि कोण मरते हे पुढे स्पष्ट सांगितले आहे, याची नोंद न पाहिलेल्यांनी घ्यावी.

कथा थोडक्यात अशी. वर्षाच्या अखेरच्या रात्री एका आलिशान प्रवासी जहाजावर नव्या वर्षाच्या स्वागताची मेजवानी रंगात आली आहे. अचानक पाण्याची भिंत येऊन आदळते आणि जहाज पालथे होते. छताची जमीन होते, जमीन छतासारखी डोक्यावर येते, टेबले वर लटकू लागतात. अधिकारी सांगतात की आहात तिथेच थांबा, मदत येईल. मूठभर माणसे ते मानत नाहीत आणि वर चढू लागतात. वर, म्हणजे एरवी जो जहाजाचा तळ असतो तिकडे. कल्पना म्हणून हे फार मोठे आहे. ज्या जहाजावर बसायच्या जागेवरून, भाड्यावरून, गणवेशावरून प्रत्येकाची पायरी ठरलेली होती, ते जहाजच उलटे झाल्यावर इंजिनघर सर्वांत उंच ठरते आणि झुंबरांचे दालन सर्वांत खोल बुडते. इतकी सशक्त प्रतिमा हाती असताना माणसे उभी करणे अवघड जाऊ नये.

आधी २००६ च्या चित्रपटाला त्याचे श्रेय दिले पाहिजे. सुरुवातीला कॅमेरा पाण्याखालून वर येतो आणि कुठेही न तुटता अख्ख्या जहाजाला फेरी घालतो; डेकवर धावण्याचा व्यायाम करणाऱ्या एका माणसाला गाठतो, सोडतो, पुन्हा गाठतो. जहाज जवळजवळ संपूर्णपणे संगणकावर घडवलेले असूनही संध्याकाळचा प्रकाश त्याच्या पत्र्यावर असा पडतो की पाहणाऱ्याच्या मनात शंका उरत नाही. जहाज उलटण्याचा प्रसंग आजही अंगावर येतो. जेवणघरातल्या काचा, स्वयंपाकघरातली आग, पोहण्याच्या तलावासकट गरगरणारी माणसे हे सारे अवघ्या काही मिनिटांत अतिशय स्पष्टपणे दिसते, आणि कोण कुठे फेकले गेले याचा गोंधळ होत नाही. ऑस्करसाठी दृश्यपरिणामांचे नामांकन या चित्रपटाला मिळाले, ते योग्यच होते. त्याचा खर्च सुमारे १६ कोटी डॉलर होता. १९७२ चा चित्रपट ५० लाख डॉलरच्या आसपास झाला होता. चलनाची घसरण हिशेबात धरली तरी हे अंतर प्रचंड आहे.

विज्ञानाच्या बाबतीतही नवा चित्रपट सरस आहे. जुन्यात समुद्रतळाशी झालेल्या भूकंपाने उठलेली लाट भर समुद्रात जहाजाला उलटवते. प्रत्यक्षात अशी त्सुनामी खोल पाण्यात इतकी पसरट असते की जहाजावरच्या माणसाला ती जाणवतही नाही. तिचा भयंकर अवतार किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात प्रकट होतो. नव्या पटकथेने हे कारण बदलले आणि आजूबाजूच्या लाटांच्या दुपटीहून उंच अशी, एकाकी उसळणारी राक्षसी लाट आणली. खलाशी पिढ्यान्‌पिढ्या अशा लाटांविषयी सांगत आले होते. पण नॉर्वेच्या ‘ड्राउप्नर’ या नैसर्गिक वायूच्या सागरी मंचावरच्या उपकरणाने १ जानेवारी १९९५ रोजी २५.६ मीटर उंचीची लाट मोजली, तेव्हाच या कथनांना पक्का आधार मिळाला. तारीख पाहावी: नव्या वर्षाचा पहिला दिवस. लाट अशी शास्त्राला धरून आणि इतक्या बारकाईने उभी केली गेली. माणसांवर तेवढी मेहनत का घेतली गेली नाही, हा प्रश्न म्हणूनच अधिक टोचतो.

अशा चित्रपटांविषयी एक ठरीव तक्रार केली जाते: लाट लवकर येते, त्यामुळे माणसांची ओळख व्हायला वेळच मिळत नाही. मला ही तक्रार पटत नाही. २००६ च्या चित्रपटात लाट पहिल्या वीस मिनिटांत येते, हे खरे. पण १९७२ च्या चित्रपटातही ती अर्धा तास उलटण्याच्या आत येते. तेवढ्या अवधीत कोणताही लेखक माणूस घडवू शकत नाही. फार तर त्याचा परिचय करून देऊ शकतो. आणि परिचय दोन्हीकडे सारखाच वरवरचा आहे. जुन्यात एक बंडखोर पाद्री आहे, एक तापट पोलीस अधिकारी आणि पूर्वायुष्यामुळे लाजणारी त्याची बायको लिंडा आहे, इस्राएलला नातवाला भेटायला निघालेले वृद्ध ज्यू जोडपे आहे, आरोग्याची फार काळजी घेणारा अविवाहित दुकानदार आहे, भेदरलेली गायिका आहे. नव्यात अग्निशामक दलातून पुढे न्यूयॉर्कचा महापौर झालेला बाप आहे, त्याची मुलगी आणि तिचा प्रियकर आहे, व्यावसायिक जुगारी आहे, एकटी आई आणि तिचा मुलगा आहे, जोडीदाराने सोडल्यामुळे जीव द्यायला निघालेला वास्तुरचनाकार आहे. कागदावर दुसरी यादी पहिलीपेक्षा कमी दर्जाची मुळीच नाही. वास्तुरचनाकार तर कठड्याशी उडी मारायला उभा असतो, तेवढ्यात क्षितिजावर त्याला ती लाट दिसते आणि तो उलटा आत धावतो. मरायला निघालेल्या माणसाला मृत्यू समोर दिसताच जगावेसे वाटते, याहून चांगली सुरुवात कोणत्या पात्राला मिळेल?

फरक पडतो तो लाटेनंतर. एखाद्याच्या निर्णयाची किंमत कोणी मोजली, आणि ती मोजल्यावर चित्रपट त्या माणसाजवळ किती वेळ थांबला, यावर सारे अवलंबून असते.

‘पोसायडन’मधला एक प्रसंग यासाठी बारकाईने पाहण्यासारखा आहे. लिफ्टच्या उभ्या पोकळीतून सारेजण चढत असतात. वास्तुरचनाकार नेल्सन लटकलेला आहे आणि त्याच्या पायाला व्हॅलेंटिन हा वेटर धरून आहे. याच वेटरने त्यांना जहाजाच्या आतल्या वाटा दाखवल्या आहेत आणि त्यानेच एलेना नावाच्या गरीब मुलीला चोरून जहाजावर आणले आहे. दोघांचा भार पेलणार नाही म्हणून वरून जुगारी सांगतो, त्याला झटकून टाक. नेल्सन पाय झाडतो आणि व्हॅलेंटिन खाली कोसळून मरतो. काही तासांपूर्वी स्वतःचा जीव नकोसा झालेल्या माणसाने आपला जीव वाचवण्यासाठी दुसऱ्याला मृत्यूत लोटले आहे. नेल्सन साकारणाऱ्या रिचर्ड ड्रायफस यांच्या चेहऱ्यावर क्षणभर जे उमटते ते पाहून वाटते की चित्रपट आता खऱ्या अर्थाने सुरू होणार. पुढे तर याच नेल्सनची एलेनाशी माया जडते. म्हणजे ज्याला त्याने लोटले त्याच्याच आश्रिताला तो धीर देतो. एवढे सगळे पटकथेने स्वतःच रचले आहे. पण ती तिथे थांबत नाही. त्या कृत्याचा जाब कोणी विचारत नाही, त्यावरून कोणाचे कोणाशी बिनसत नाही, झटकून टाक म्हणणाऱ्याच्या मनावर ओरखडा उठल्याचे दिसत नाही. पुढचा बोगदा, पुढचे पाणी, पुढची आग. सगळ्यांच्या पाठी आपल्याला दिसत राहतात, कारण सगळे सतत पुढे निघालेले असतात. ९८ मिनिटांच्या या चित्रपटाला दुःख करायला सवड नाही, आणि म्हणून त्यातला मृत्यू केवळ डोक्यांची मोजणी होऊन बसतो.

जुन्या चित्रपटातही वेटरच आधी मरतो. पाय जायबंदी झालेला एकर्स शिडीवरून निसटून खालच्या पाण्यात पडतो. कष्टकऱ्याचा बळी पहिला, हा अन्याय दोन्ही पटकथांनी केला आहे. पण तिथे त्या मृत्यूवरून पाद्री स्कॉट आणि पोलीस रोगो यांच्यात खटका उडतो, आणि तो चित्रपटाच्या शेवटापर्यंत त्यांच्या नात्यात सलत राहतो. जीन हॅकमन यांचा पाद्री हा देवाने हात द्यावा म्हणून गुडघे टेकून बसणाऱ्यांना झिडकारणारा, लढणाऱ्यालाच देव मदत करतो असे सांगणारा माणूस आहे. या मतांमुळेच त्याला आफ्रिकेत धाडले जात आहे. जहाज उलटल्यावर त्याच्या प्रवचनाची कसोटी लागते. जे थांबले ते बुडाले, त्यामुळे त्याचे म्हणणे खरे ठरते. पण जे त्याच्या मागे आले तेही एकेक करून मरू लागतात, तेव्हा त्या खरेपणाचा भार त्याला पेलवेनासा होतो. अखेरच्या प्रसंगात उकळत्या वाफेच्या झडपेला लोंबकळत तो देवाशी भांडतो. हॅकमन यांचा तो आवाज मी विसरू शकत नाही. तिथे दृश्य किती साधे आहे ते पाहावे: एक लाल चाक, वाफ, खाली पेटलेले पाणी, आणि एक माणूस.

आणि बेल रोझन. शेली विंटर्स यांनी साकारलेली ही स्थूल, वयस्क, सारखी माफी मागणारी बाई. आपल्यामुळे सगळ्यांना उशीर होतो याची तिला लाज वाटते. पाण्याने भरलेल्या वाटेतून पोहत जायची वेळ येते तेव्हा ती सांगते की तरुणपणी पाण्याखाली पोहण्यात तिचा नंबर पहिला असे. पाद्री तिचे न ऐकता स्वतः जातो, लोखंडाखाली अडकतो, आणि मग ही बाई पाण्यात सूर मारते. तिचा झगा पाण्यात फुगतो, केस मोकळे होतात, आणि जी शिडीवर चढताना अवजड होती ती तिथे मासोळीसारखी सहज जाते. ती त्याला सोडवते, पलीकडे पोहोचवते, आणि तिचे हृदय बंद पडते. मरताना ती गळ्यातले पदक नातवासाठी देते. त्यानंतर तिचा नवरा मॅनी तिथे पोहोचतो आणि तिला सोडून पुढे यायला तयार होत नाही. चित्रपट इथे थांबतो. पाणी चढत असते, वेळ नसतो, तरीही दिग्दर्शक त्या म्हाताऱ्याला त्याच्या बायकोशेजारी बसू देतो. विंटर्स यांना या भूमिकेसाठी ऑस्करचे नामांकन मिळाले. या प्रसंगाला लागलेले भांडवल म्हणजे पाण्याने भरलेला एक सेट आणि खरोखर पोहणारी एक अभिनेत्री.

कोकणात वाढलेल्या वाचकांना यासाठी लांब जावे लागणार नाही. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ कलंडून बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. लहानपणी वडीलधाऱ्यांकडून मी त्या बोटीविषयी जे ऐकले, त्यात लाट किती उंच होती हे कधीच नव्हते. कोण सणाला घरी निघाला होता, कोण धक्क्यावरून ऐन वेळी माघारी फिरला, कोणाची वाट पाहत कोण बंदरावर उभे राहिले, एवढेच ते सांगत. समुद्रावरच्या संकटाची गोष्ट माणसे अशीच सांगतात.

पीटरसन यांना हे ठाऊक नव्हते असे मुळीच नाही, आणि मला सर्वांत अधिक दुःख त्याचेच वाटते. त्यांच्या १९८१ च्या ‘दास बूट’मध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या एका जर्मन पाणबुडीची सफर आहे. तिच्या पोटात माणसाला ताठ उभे राहायला जागा नाही, आणि कॅमेरा त्या अरुंद बोळातून खलाशांच्या मागे धावतो. तोही दृश्याचा चमत्कारच आहे. सुटणारे बोल्ट, कण्हणारे पत्रे, खोली दाखवणारा काटा. पण त्यातला योहान हा इंजिनघरातला मुरलेला खलाशी स्फोटांच्या माऱ्यात भान हरपतो आणि आपली जागा सोडतो. कप्तान पिस्तूल आणायला जातो. नंतर योहान लज्जेने क्षमा मागतो. पुढे जिब्राल्टरजवळ पाणबुडी तळाशी जाऊन पडते, तेव्हा हाच योहान गळती बुजवण्यासाठी पाण्यात शिरतो आणि हटत नाही. त्याने शौर्य का दाखवले हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही, कारण त्याची लाज आपण पाहिलेली असते. त्याच चित्रपटात जळणाऱ्या तेलवाहू जहाजावरून शत्रूचे खलाशी पाण्यात उड्या टाकतात आणि जीव वाचावा म्हणून पाणबुडीच्या दिशेने पोहू लागतात. कप्तान बोट मागे घ्यायचा हुकूम देतो. आपल्या लोकांसाठी दुसऱ्यांना मरू देण्याचा हा निर्णय, म्हणजे व्हॅलेंटिनचाच प्रसंग. पण इथे पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आहे, कोणी कोणाकडे पाहू शकत नाही, आणि पुढची शांतता पीटरसन यांनी कापून टाकलेली नाही. ज्या दिग्दर्शकाने हे केले, त्यानेच २५ वर्षांनी नेल्सनला पाय झाडायला लावून लगेच पुढच्या बोगद्यात नेले.

मधला टप्पा पीटरसन यांच्याच २००० च्या ‘द परफेक्ट स्टॉर्म’चा. मॅसॅच्युसेट्समधल्या ग्लॉस्टर बंदराची ‘अँड्रिया गेल’ ही मासेमारीची बोट १९९१ च्या वादळात सहा माणसांसह नाहीशी झाली, त्या घटनेवर तो आधारलेला आहे. तिथेही लाटेचे कौतुक जास्त आहे आणि संगीत नको तितके भरून राहते. तरी त्या चित्रपटाने एक गोष्ट अचूक पकडली. बोट मासळीने भरलेली आहे, कर्ज डोक्यावर आहे, आणि बर्फ करणारे यंत्र बंद पडते. वादळ टाळून थांबावे तर माल सडणार. माल वाचवायचा तर वादळातून जायचे. ससून डॉकवर किंवा हर्णैच्या बंदरात कोणत्याही तांडेलाला विचारावे, बर्फ संपत आला की बोट परतते, हे तो सांगेल. तिथे माणसांचा स्वभाव आणि त्यांची मिळकत एकाच निर्णयात गुंतली आहे, आणि म्हणून ते वादळात शिरतात तेव्हा त्यांचा वेडेपणाही आपल्याला समजतो. ‘पोसायडन’मधल्या प्रवाशांकडे असे बर्फाचे यंत्र नाही. बाहेर पडणे एवढेच त्यांना हवे आहे, आणि ते तर कोणालाही हवे असते.

नव्या चित्रपटात एक प्रसंग मात्र या दोषातून सुटला आहे. शेवटी जहाजाचे थ्रस्टर, म्हणजे जहाज वळवणारे पंखे, बंद करण्यासाठी कोणीतरी पाण्याखाली लांब पोहत जायला हवे असते, आणि परत यायला श्वास पुरणार नाही हे उघड असते. मुलीचा प्रियकर जायला तयार असताना तिचा बाप त्याच्याआधी निघून जातो. कर्ट रसेल यांनी तो बुडण्याचा क्षण कोणत्याही भाषणाविना, गुदमरणाऱ्या शरीरातून दाखवला आहे आणि तो पाहवत नाही. बापाने जावयाला स्वीकारल्याचे याहून मोठे दुसरे कोणते वाक्य असू शकले असते? पण या दोघांमधली अढी आधी इतकी पातळ रंगवली आहे की तिच्या सुटण्याने जे व्हायला हवे ते पुरते होत नाही. अभिनेत्याने जेवढे कमावले तेवढेच हाती लागते.

उरलेल्यांविषयी लिहिण्यासारखे फार नाही. जुगाऱ्याचे एकट्या आईकडे ओढले जाणे सवयीचे आहे, लहान मुलगा हरवतो आणि सापडतो, कप्तान बिचारा दालनात माणसांसह थांबतो. संवाद बहुतेक सूचनांचेच आहेत: इकडे या, तो पाइप धरा, श्वास घ्या.

ज्यांना घरी मोठा पडदा आणि चांगला ध्वनी उपलब्ध आहे त्यांनी २००६ चा चित्रपट लाटेसाठी जरूर पाहावा. पहिली पंचवीस मिनिटे तर कारागिरीचा उत्तम नमुना आहेत. १९७२ चा चित्रपट पाहताना जहाजाची प्रतिकृती प्रतिकृतीच वाटेल, काही संवाद ओरडून म्हटलेले वाटतील आणि स्त्रियांना कमी कपड्यांत चढवण्याची त्या काळातली हौस खटकेल, त्याची तयारी ठेवावी. दोन्हींच्या शेवटी सहाच माणसे वाचतात. नव्यातले सहाजण तराफ्यावर बसलेले असतात आणि मला ते पुन्हा मोजावे लागले. जुन्यात तळाचा पत्रा कापून भोक पाडले जाते आणि एकेकाला बाहेर घेतले जाते. बेलशिवाय मॅनी आहे, लिंडाशिवाय रोगो आहे, पोहता न येणाऱ्या गायिकेला इथवर आणणारा दुकानदार आहे. बाहेरून ठोकल्याचा आवाज ऐकल्यावर, तो पाद्री बरोबरच सांगत होता, हे रोगोच बोलतो. वाटभर त्याच्याशी भांडलेला आणि त्याच्याच शब्दावर बायको गमावलेला रोगो.